१० डिसेंबरचं खुलनाही मुलांना सांगा

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातल्या शाळा-महाविद्यालयांचे मुख्याध्यापक, इतिहासाचे शिक्षक आणि एनसीसीचे अधिकारी

स. न. वि. वि.

दर वर्षी ४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करता. फलकावर युद्धनौकेचं चित्र काढलं जातं, दोन मुलं भाषणं करतात, एनसीसीचे छात्र संचलन करतात. २०२३ साली नौदल दिनाचा मुख्य सोहळाच मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. तेव्हापासून कोकणातल्या शाळांमध्ये या दिवसाचा उत्साह वाढलेला मी पाहतो आहे. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला आणि निवृत्तीनंतरही बोलावतील त्या शाळेत मी १९७१ च्या युद्धावर बोलायला जातो. त्या अनुभवावरून ही विनंती करतो आहे. नौदल दिनाच्या भाषणात चिमन सिंग यादव हे नाव आलं पाहिजे, आणि ते ज्या लढाईत लढले तिची हकीकत आपल्या मुलांना कळली पाहिजे.

४ डिसेंबर हा दिवस कराचीवरच्या हल्ल्याचा. निपात, निर्घात आणि वीर या तीन लहान क्षेपणास्त्र नौका रात्री कराचीजवळ पोहोचल्या आणि त्यांनी पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडवली. हे मुलांना पाठ असतं, असायलाच हवं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. हेही बऱ्याच शाळांमध्ये सांगितलं जातं आणि ते ऐकताना वर्ग स्तब्ध होतो.

खुकरी बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रापासून आत नदीत काय घडलं ते मात्र क्वचितच कोणी सांगतं. १० डिसेंबर १९७१ च्या दुपारी पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, खुलना शहराजवळ, रूपसा नदीच्या पात्रात, जळत्या बोटीवरून लीडिंग सीमन चिमन सिंग यादव पाण्यात पडले. हरियाणातल्या रेवाडीजवळच्या गोकलगढ गावचा हा पंचविशीतला जवान. लीडिंग सीमन म्हणजे भूदलातल्या नाईकाच्या बरोबरीचा हुद्दा. नौदलात त्यांचं काम पाणबुड्याचं होतं: पाण्याखाली सुरुंग लावणं, निकामी करणं, जहाजाचा तळ फोडणं.

अंगात लोखंडाचे तुकडे घुसले होते. काठावरून पाकिस्तानी सैनिक पाण्यातल्या माणसांवर गोळ्या झाडत होते. आपले जखमी साथीदार पाण्यावर तरंगायलासुद्धा धडपडताहेत, हे चिमन सिंगांनी पाहिलं. ते स्वतः पट्टीचे पोहणारे, एकटे असते तर कदाचित निसटलेही असते. पण ते साथीदारांकडे वळले, गोळीबारात त्यांना आधार देत काठाला घेऊन आले. काठावर शत्रू उभाच होता. तेव्हा ते जखमी अवस्थेत सरळ शत्रूच्या अंगावर धावून गेले. सगळं लक्ष आणि सगळ्या गोळ्या त्यांच्याकडे वळल्या आणि तेवढ्यात त्यांच्या दोघा सहकाऱ्यांना निसटता आलं. चिमन सिंग पकडले गेले. बांगलादेश मुक्त झाल्यावर त्यांची कैदेतून सुटका झाली आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सरकारने त्यांना महावीर चक्र दिलं.

या पदकाचं मोल मुलांना नीट समजावून सांगा. नौदलाला आजवर एकही परमवीर चक्र मिळालेलं नाही. त्यामुळे युद्धातल्या शौर्यासाठी नौदलातल्या माणसाला मिळालेला सर्वोच्च सन्मान महावीर चक्र हाच आहे. १९७१ च्या युद्धात नौदलाला अशी आठ चक्रं मिळाली. त्यांतली सात अधिकाऱ्यांना आणि एक खलाशाला. ते एक चिमन सिंगांचं.

पण चिमन सिंग नदीत पोहोचले कसे, हे कळल्याशिवाय या शौर्याचा अर्धाच भाग कळतो. त्यासाठी मार्च १९७१ पासून सुरुवात करावी लागते. फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानची मांग्रो ही नवी पाणबुडी तयार होत होती. (खुकरी बुडवणारी पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडीही याच दाफने वर्गातली.) मांग्रोवरच्या बंगाली खलाशांनी पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात केलेल्या कत्तलीच्या बातम्या ऐकल्या. त्यांच्यातले आठ जण पाणबुडी सोडून निघाले, स्पेनमार्गे भारताच्या आश्रयाला आले. या आठ जणांना हाताशी धरून पाण्याखालून लढणारं एक गुप्त दल उभं करायचं असं भारतीय नौदलाने ठरवलं. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा, नौदल गुप्तवार्ता विभागाचे कॅप्टन मिहिर रॉय आणि प्रत्यक्ष मोहिमेची सूत्रं हाती घेतलेले कमांडर सामंत ही यातली ठळक नावं.

मोहन नारायण राव सामंत. हे नाव ऐकताच आपल्या वर्गातलं कोणी ना कोणी मान वर करील. आयएनएस करंज या पाणबुडीचे ते पहिले कमांडिंग ऑफिसर. १९७१ मध्ये त्यांना पाणबुडीवरून काढून या गुप्त कामावर नेमलं गेलं. त्यांनाही महावीर चक्र मिळालं. २०१९ साली ते गेले. मोहीम गुप्त असल्यामुळे त्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या कामाचा कितीतरी वर्षं उघड उच्चार झाला नाही, आणि गाजावाजा न झालेली माणसं भाषणांच्या तयार कागदांमध्ये येत नाहीत. चिमन सिंग मागे पडले त्याचं एक मोठं कारण हेच आहे असं मला वाटतं.

प्रशिक्षणाची छावणी होती पश्चिम बंगालमध्ये भागीरथीच्या काठी, प्लासीला. होय, १७५७ ची लढाई जिथे झाली तेच प्लासी. निर्वासितांच्या छावण्यांमधून तरुण मुलं निवडली गेली. त्यांत विद्यार्थी होते, शेतकऱ्यांची पोरं होती, नद्यांच्या देशातली असल्यामुळे पोहणं सगळ्यांना येत होतं. जिवाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझी, अशा अर्थाच्या कागदावर त्यांनी सह्या केल्या. नौदलाचे पाणबुडे त्यांचे उस्ताद झाले आणि त्या उस्तादांमध्ये चिमन सिंग होते. खुलनाला साथीदारांकडे वळलेला हा माणूस त्याआधी कित्येक महिने दुसऱ्यांना पाण्यात तग धरायला शिकवत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ते काय शिकवत होते हे मुलांना तपशिलाने सांगा. किनाऱ्यावरच्या मुलांना तर ते सहज कळतं. अंगावर पोहण्याची चड्डी, पायात रबरी पंखे, कमरेला सुरी. छातीवर गमछ्याने घट्ट बांधलेला लिंपेट माइन, म्हणजे लोहचुंबकाने जहाजाला चिकटणारा, पाच-एक किलोचा सुरुंग. श्वास घ्यायला नळी नाही, टाकी नाही. पाठीवर पोहायचं आणि नाकाएवढाच भाग पाण्यावर ठेवायचा, म्हणजे पहारेकऱ्याला काही दिसत नाही. जहाजापाशी पोहोचलं की दम रोखून खाली बुडी मारायची. तळाला शेवाळ आणि शिंपली चिकटलेली असतात, त्यांच्यावर चुंबक धरत नाही, म्हणून आधी सुरीने ती जागा खरवडून साफ करायची. अंधारात, गढूळ पाण्यात, छातीवर स्फोटकं घेऊन. मग माइन चिकटवायचा आणि प्रवाहाबरोबर दूर निघून जायचं.

माइनच्या स्फोटाची वेळ पाण्यात विरघळणाऱ्या एका गोळीवर ठरत असे. गोळी विरघळली की स्फोट. ती वाटेतच विरघळू लागली तर पोहणाराच उडायचा, म्हणून तिच्यावर निरोधचं आवरण चढवत आणि माइन चिकटवताना ते काढून टाकत. हा तपशील कोणत्या वर्गात सांगायचा ते आपण वयाप्रमाणे ठरवा. पण वरच्या वर्गांमध्ये तो जरूर सांगावा, कारण मोठ्या यंत्रसामग्रीशिवाय हे सगळं कसं उभं राहिलं ते त्यातून कळतं.

इशारा द्यायची पद्धतही मुलांना आवडेल. रानावनात, खेड्यापाड्यांत लपलेल्या तुकड्यांजवळ साधे रेडिओ होते. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेलं एक बंगाली गाणं लागलं की तयारीला लागायचं, दुसरं लागलं की निघायचं. कोट्यवधी लोकांनी ती गाणी ऐकली आणि त्यांचा अर्थ मोजक्या माणसांना कळला. १५ ऑगस्ट १९७१ ची रात्र उलटताना चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांमध्ये एकाच वेळी स्फोट झाले. दीडशेहून अधिक तरुण या कामावर निघाले होते. चितगावला कर्णफुली नदी पोहून पार करत त्यांनी धक्क्याला लागलेल्या अल अब्बास आणि हॉर्मुझ या जहाजांचे तळ फोडले. पुढचे महिने हे हल्ले चालूच राहिले आणि पूर्व पाकिस्तानच्या बंदरांमध्ये यायला परदेशी जहाजं कचरू लागली. युद्ध जाहीर होण्याच्या साडेतीन महिने आधीची ही गोष्ट आहे.

मुलांना आज मार्कोस माहीत असतात. २६/११ ला ताजमध्ये शिरलेले नौदलाचे कमांडो म्हणून त्यांचा मुलांना केवढा अभिमान. ते दल १९८७ सालचं. त्याच्या सोळा वर्षं आधी नौदलाच्या पाणबुड्यांनी ही सारी मोहीम उभी केली होती, हे सांगितलं की मुलांच्या डोक्यात एक सलग धागा तयार होतो.

आता डिसेंबरकडे येतो. कलकत्ता बंदरातल्या दोन साध्या बोटींवर बोफोर्स तोफा बसवून त्यांची गनबोट केलेली होती. त्यांना नावं दिली पद्मा आणि पलाश, आणि बांगलादेशच्या नौदलाच्या त्या पहिल्या बोटी ठरल्या. त्यांच्यावर भारतीय अधिकारी आणि खलाशी होते, तसेच पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली खलाशीही होते. त्यांच्या जोडीला भारतीय नौदलाची गस्ती बोट होती आयएनएस पनवेल. आपल्या रायगडातल्या पनवेलचंच नाव. तिचे कमांडर होते लेफ्टनंट कमांडर जोसेफ पायस आल्फ्रेड नोरोन्हा. सीमा सुरक्षा दलाची चित्रांगदा ही बोटही बरोबर आली. सामंतांच्या हाताखाली हा छोटा ताफा सुंदरबनच्या खाड्यांमधून आत शिरला. १० डिसेंबरच्या सकाळी मोंगला हाती आलं, चित्रांगदा तिथे थांबली आणि बाकीच्या तीन बोटी खुलनाकडे वर निघाल्या.

दुपारच्या सुमारास वर नॅट ही लढाऊ विमानं दिसली. ती आपलीच होती. ओळख पटावी म्हणून बोटींच्या माथ्यावर मोठी पिवळी कापडं अंथरलेली होती. विमानं आपली आहेत, तोफा चालवू नका, असा सामंतांचा हुकूम होता. विमानं पुन्हा वळली, खाली आली आणि त्यांनी मारा केला. पद्मा आणि पलाश दोन्ही पेटल्या. पनवेल वाचली. चिमन सिंगांची बोट शत्रूने बुडवलेली नाही. ती आपल्याच विमानांच्या चुकीने बुडाली.

इथे मला आपल्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. ही गोष्ट मुलांना सांगू नये असं म्हणणारे शिक्षक मला भेटले आहेत. 'कशाला उगाच, अभिमानाच्या दिवशी गालबोट,' असं ते म्हणतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. नद्यांच्या जाळ्यात, वेगाने पुढे सरकणाऱ्या लढाईत, वरून पाहणाऱ्या वैमानिकाला खालची बोट कोणाची हे कळणं किती अवघड असतं ते नववी-दहावीची मुलं नीट समजून घेतात. मी वर्गात सांगितलं आहे, त्यांनी समजून घेतलं आहे. एका मच्छीमाराच्या मुलीने मला विचारलं, 'सर, मग त्या खलाशाला राग नाही आला का?' चिमन सिंगांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नव्हतो. त्यांनी काय केलं तेवढंच सांगितलं. रागावायला सगळ्यात जास्त कारण असलेला माणूस त्या क्षणी दुसऱ्याला पाण्याबाहेर काढत होता. चूक कोणाची हा भाग गाळला, तर त्या कृतीची उंचीच कमी होते. शत्रूने बोट फोडली आणि वीर लढला अशी सरळ गोष्ट करून टाकणं हा चिमन सिंगांवर अन्याय आहे, आणि त्या दिवशी तिथे मेलेल्या माणसांवरही.

त्या मेलेल्यांमध्ये रुहुल अमीन होते. पलाशच्या इंजिनखान्यातले कारागीर, पाकिस्तानी नौदल सोडून आलेले. बोट सोडा असं सांगितलं गेलं तरी इंजिन वाचवायला ते थांबले. जखमी होऊन नदीत उडी घेतली, पोहत काठाला लागले आणि तिथे रझाकारांनी, म्हणजे पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या स्थानिक सशस्त्र टोळ्यांनी, त्यांना ठार केलं. रूपसाच्या काठीच त्यांची कबर आहे. बांगलादेशाने आपला सर्वोच्च शौर्य सन्मान, बीरश्रेष्ठ, सात जणांना दिला, त्यांतले ते एक. त्याच नदीच्या काठावर, त्याच दुपारी, एक हरियाणाचा खलाशी पकडला गेला आणि एक नोआखालीचा खलाशी मारला गेला. दोघांची गोष्ट बरोबरच सांगा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चिमन सिंगांना एकट्याला उचलून घेतलं तर ते युद्ध कोणासाठी आणि कोणाबरोबर लढलं गेलं हेच मुलांच्या नजरेआड होतं. प्लासीच्या छावणीतली ती पोरं, तुलाँहून आलेले ते आठ जण, हे सगळे चिमन सिंगांच्या गोष्टीतलेच आहेत.

पनवेलने वाचलेल्यांना उचलण्याचं काम केलं आणि ती खुलनावर चालून गेली. नोरोन्हांनाही महावीर चक्र मिळालं. म्हणजे बघा, नौदलाच्या आठ महावीर चक्रांपैकी तीन, सामंत, नोरोन्हा आणि चिमन सिंग, या एका नदीतल्या, मूठभर बोटींच्या ताफ्याची. विक्रांत सगळ्यांना माहीत आहे. या ताफ्यात पनवेल नावाची बोट होती हे पनवेलच्या शाळांमध्ये तरी माहीत असावं, एवढी अपेक्षा गैर नाही.

आणखी एक गोष्ट मनात बरेच दिवस आहे. शौर्याच्या गोष्टी आपण बहुधा कॅप्टनच्या आणि कमांडरच्या सांगतो. त्यांचं शौर्य खरं आहे, त्यांना कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण आपल्या वर्गात बसलेल्या मुलांमधून नौदलात जाणारी बहुसंख्य मुलं खलाशी म्हणून भरती होतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या कितीतरी घरांमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं नौदलात, गोदीत, व्यापारी जहाजांवर गेली आहेत. त्या घरातल्या मुलाला भाषणात आपल्यासारखा माणूस भेटला पाहिजे. कराचीवर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र नौकांचे कमांडर बब्रुभान यादव आणि चिमन सिंग यादव हे दोघंही रेवाडीच्याच परिसरातले. दोघांनाही महावीर चक्र. एक कमांडर, एक लीडिंग सीमन. समुद्रापासून इतक्या दूरच्या, कोरड्या मुलखातून आलेले. दोघांची छायाचित्रं फलकावर शेजारी शेजारी लावली तर मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आपण काय करावं याबद्दल माझं मागणं लहान आहे. ४ डिसेंबरच्या कार्यक्रमात कराचीबरोबर खुलनासाठी दहा मिनिटं काढा. ती जमत नसतील, कारण सहामाहीचे निकाल, क्रीडा महोत्सव, स्नेहसंमेलन असं सगळं डिसेंबरातच येतं हे मी विसरलेलो नाही, तर १० डिसेंबरला इतिहासाचा एक तास द्या. भिंतीवर बांगलादेशाचा नकाशा लावा. मोंगला, खुलना, चितगाव, चांदपूर आणि नारायणगंज मुलांनाच शोधू द्या. त्या देशात किती नद्या आहेत हे नकाशात पाहिलं की नदीतली लढाई काय असते ते पुढे सांगायला सोपं जातं. एनसीसीच्या नौदल विभागाचे छात्र असतील तर लिंपेट माइन कसा लावत ते त्यांच्याकडून सांगून घ्या. कमांडर सामंतांचं आणि चिमन सिंगांचं नाव भाषणात पूर्ण घ्या, हुद्द्यासकट. संख्या फुगवू नका, बुडालेल्या जहाजांचे आकडे वाढवून सांगू नका. या गोष्टीला त्याची काही गरज नाही.

मी शाळांमध्ये जे सांगतो त्याचं टिपण तयार आहे. वीस मिनिटांत वाचून होतं. ज्या शाळेला ते हवं असेल तिने निःसंकोच मागावं. बोलावलंत तर स्वतः येईन. एसटीच्या अंतरावर असलात तर प्रवासखर्चाचाही विचार करू नका. नोव्हेंबर संपायच्या आत कळवलंत तर तारखा जुळवणं सोपं जाईल, कारण ४ आणि १० डिसेंबर या दोन दिवशी मला एकेकाच शाळेत जाता येतं.

आपला नम्र,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक